शितावरून भात, नमुन्यावरून रोग

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की तिच्या पोटात एक अट दडलेली आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चुलीवरच्या पातेल्यातले एक शीत बोटांत दाबून गृहिणी भात शिजला की नाही ते सांगते, आणि तिचा निर्णय बहुधा चुकत नाही. तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी एकच, आच एकच आणि आधणात सगळे दाणे वरखाली झालेले. अशा स्थितीत कोणतेही शीत दुसऱ्या शितासारखेच असणार. पण तीच गृहिणी जेव्हा पंक्तीसाठी मोठ्या हंड्यात भात रांधते, तेव्हा ती एका शितावर विसंबत नाही. वरचा भात बोटचेपा आणि तळचा करपलेला, हा अनुभव तिच्या गाठीशी असतो. म्हणून ती झारा तळापर्यंत घालते, कडेची आणि मधली शिते निरनिराळी पाहते. नमुना कसा निवडावा याचे अर्धे शास्त्र तिला, ते शास्त्र आहे हे ठाऊक नसतानाही, अवगत असते.

मानवी समाज हा असाच मोठा हंडा आहे आणि तो कोणी ढवळलेला नाही. धनिकांची वस्ती एकीकडे, मजुरांची दुसरीकडे. डोंगरातला पाडा वेगळा, नदीकाठचे गाव वेगळे. रोगही या विभागणीप्रमाणेच पसरतात. एका मोहल्ल्यात घरोघरी खोकला आणि पलीकडच्या पेठेत कोणाला पत्ताही नाही, असे नेहमी घडते. अशा समाजात एखादा रोग किती पसरला आहे, तो कोणाला अधिक होतो, हे जाणून घ्यायचे तर प्रत्येक माणसाची तपासणी करणे अशक्य. आणि हाताला लागतील ती चार माणसे तपासून निष्कर्ष काढणे धोक्याचे. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे नमुना-निवडीचे शास्त्र. वैद्यकीय संशोधनात त्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते आणि ते नीट पाळले म्हणजे काय हाती येते, याची उदाहरणे शोधण्यासाठी भारताबाहेर जाण्याचे कारण नाही.

क्षयरोगाचेच पाहा. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे २५ लाख क्षयरोगी असावेत आणि दरसाल सुमारे ५ लाख माणसे या रोगाने मरत असावीत, असे तीत नमूद होते. क्षयरोग्यांसाठी साऱ्या देशात जेमतेम सहा हजार खाटा होत्या. हे आकडे अंदाजाचे होते. त्यांच्यामागे प्रत्यक्ष मोजणी नव्हती. त्या काळी वैद्यकव्यवसायात एक समजूत पक्की होती. क्षय हा शहराचा रोग आहे. गिरण्यांचा धूर, चाळींतील कोंदट खोल्या आणि दाटीवाटी यांतून तो उपजतो. खेड्यातील मोकळ्या हवेत त्याचा फारसा शिरकाव नाही. ही समजूत निराधार होती असे म्हणता येत नाही. रुग्णालयांची आणि आरोग्यधामांची दप्तरे उघडली तर त्यांत शहरी रोग्यांचीच नावे अधिक दिसत. मात्र आरोग्यधाम शहराजवळ, क्ष-किरणाचे यंत्र शहरात आणि तज्ज्ञ डॉक्टरही शहरातच. खेड्यातला रोगी खोकत खोकत आपल्या ओसरीवरच संपत असे. त्याचे नाव कोणत्याही दप्तरात चढत नसे. दप्तरात नाव नाही, म्हणून रोग नाही, असा तो तर्क होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात क्षयरोगाची राष्ट्रीय नमुना पाहणी केली, ती या पार्श्वभूमीवर. देशाच्या निरनिराळ्या भागांत सहा केंद्रे घेण्यात आली. दिल्ली, कलकत्ता, पाटणा, हैदराबाद, मदनपल्ली आणि त्रिवेंद्रम ही ती केंद्रे होत. प्रत्येक केंद्राच्या परिसरातून शहरे, लहान गावे आणि खेडी अशा तीन थरांतून वस्त्या निवडल्या. निवडलेल्या वस्तीतील पाच वर्षांवरील सर्वांची छातीची छोटी क्ष-किरण छायाचित्रे फिरत्या यंत्रांनी काढली आणि ज्यांच्या छायाचित्रात संशयास्पद छाया दिसली, त्यांच्या थुंकीची तपासणी केली. पाहणीच्या कक्षेत लाखो माणसे आली. क्ष-किरणावरून क्षयाचा विकार जागृत असलेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी हजारी १३ ते २५ निघाले. थुंकीत जंतू सापडले असे रोगी हजारी २ ते ८. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खेड्यातील प्रमाण शहरातील प्रमाणाहून फारसे कमी आढळले नाही.

या एका निष्कर्षाने धोरणाची दिशाच पालटली. भारताची बहुसंख्य प्रजा खेड्यात राहणारी. तेव्हा बहुसंख्य क्षयरोगीही खेड्यातच आहेत हे ओघाने आले. मग शहराबाहेरच्या टेकड्यांवर आणखी काही आरोग्यधामे बांधून हा प्रश्न सुटणार कसा? बंगलोर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ पासून जिल्हा हे एकक धरून, नेहमीच्या दवाखान्यांतूनच क्षयाचे निदान व उपचार करणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. याच संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांतून केलेल्या आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक समजूत मोडीत काढली. खेडूत अडाणी आहे, त्याला रोगाची जाणीव नाही, म्हणून तो दवाखान्यात येत नाही, असे मानले जाई. प्रत्यक्षात, घरोघर जाऊन शोधलेल्या रोग्यांपैकी बहुतेकांना आपल्या तक्रारींची जाणीव होती आणि निम्मे रोगी कोठल्या ना कोठल्या दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली होती, इतकेच. ही गोष्ट दवाखान्यात बसून रोगी मोजणाऱ्याला कधीच कळली नसती.

दवाखान्यातला रोगी हा रोग्यांचा प्रतिनिधी नसतो, हे सूत्र अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ साली गणिताने दाखवून दिले. त्यांनी मधुमेह आणि पित्ताशयाचा दाह या दोन विकारांचे उदाहरण घेतले होते. समजा, या दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तरीही एकच विकार असलेल्या माणसापेक्षा दोन्ही विकार असलेला माणूस रुग्णालयात दाखल होण्याचा संभव अधिक, कारण त्याला तेथे जाण्यास दोन स्वतंत्र कारणे आहेत. परिणामी रुग्णालयाच्या खाटांवर हे दोन विकार एकत्र असलेली माणसे वाजवीपेक्षा अधिक दिसतात आणि डॉक्टरला वाटते की एकातून दुसरा उद्भवतो. डॉक्टरची नजर चुकत नाही, नोंदीही खऱ्या असतात. दार मात्र असे असते की त्यातून विशिष्ट प्रकारची माणसेच आत येतात. निवडीत शिरलेला हा झुकाव नंतर कितीही बारकाईने गणित केले तरी आपोआप जात नाही.

याहून अलीकडचे आणि अधिक ठळक उदाहरण एच. आय. व्ही. च्या मोजणीचे आहे. भारतात किती जणांना या विषाणूची लागण झाली आहे, हे ठरविण्यासाठी पुष्कळ वर्षे मुख्य भिस्त निवडक केंद्रांवर होती. सरकारी रुग्णालयांत प्रसूतिपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या गर्भवती स्त्रिया आणि गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणारे रुग्ण यांच्या रक्ताचे नमुने दरवर्षी ठरलेल्या काळात तपासले जात. अशी केंद्रे २००५ साली सातशेहून अधिक होती. त्यावरून गणित मांडून देशात ५२ लाख लागण झालेली माणसे असावीत असा अंदाज निघाला. आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज ५७ लाखांचा होता. जगात सर्वाधिक लागण भारतात आहे, असे मग ठळक मथळ्यांनी छापून येऊ लागले.

त्यानंतर २००५-०६ मध्ये तिसरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. या पाहण्यांचे काम मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असते. या वेळी शास्त्रशुद्ध रीतीने निवडलेल्या घरांतील एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचे रक्त त्यांच्या संमतीने तपासण्यात आले. १५ ते ४९ वयाच्या माणसांत लागणीचे प्रमाण शेकडा ०.२८ निघाले. या पाहणीचा आणि वाढविलेल्या केंद्रांचा एकत्र विचार करून २००७ साली जो सुधारलेला अंदाज जाहीर झाला, तो सुमारे २५ लाखांचा होता. आधीच्या आकड्याच्या निम्मासुद्धा नव्हे.

एवढा फरक कशाने पडला? सरकारी रुग्णालयात येणारी गर्भवती स्त्री ही सर्व गर्भवती स्त्रियांची प्रतिनिधी नव्हती. शिवाय खासगी प्रसूतिगृहात एखाद्या स्त्रीला लागण असल्याचे कळले की तिला बहुधा सरकारी रुग्णालयाची वाट दाखविली जाई. आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यात केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका घरोघरच्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्टपणे पुढे आली. तेथेही प्रत्यक्ष लागण केंद्रांवरून काढलेल्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी भरली. म्हणजे ज्या ठिकाणी मोजणी चालली होती, त्याच ठिकाणी रोगी आणून सोडले जात होते. ज्यांनी त्यांना तेथे पाठविले त्यांना आपण देशाचे आकडे फुगवीत आहोत, याची कल्पनाही नसेल.

तथापि, घरोघरची पाहणी म्हणजे सर्व दोषांपासून मुक्त, असेही समजू नये. घर हे एकक धरले की ज्यांना घर नाही ते आपोआप सुटतात. लांबच्या मार्गावरचा ट्रकचालक, वसतिगृहातील विद्यार्थी, तुरुंगातील कैदी, वेश्यावस्तीतील स्त्री ही माणसे कुटुंबांच्या यादीत येत नाहीत, आणि या विशिष्ट रोगाच्या बाबतीत त्यांतील काहींना धोका अधिक. म्हणूनच सुधारलेला अंदाज करताना तज्ज्ञांनी घरोघरची पाहणी आणि केंद्रांची माहिती ही दोन्ही एकत्र घेतली. कोणती पद्धत उत्तम, या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कोणता रोग, कोणता प्रश्न आणि कोणती माणसे यादीबाहेर राहतील, हे पाहून ते द्यावे लागते.

यादी हा या सर्व व्यवहाराचा पाया आहे. चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून माणसे निवडणे हा सर्वांत निर्मळ मार्ग. त्यात प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी असते आणि निवडणाऱ्याच्या आवडीनिवडीला वाव नसतो. पण चिठ्ठीत ज्याचे नावच नाही, त्याला संधी कोठून मिळणार? ग्रामपंचायतीच्या घरांच्या यादीत गावठाण नीट असते, मळ्यांतल्या वस्त्या अर्धवट असतात आणि माळावर पडलेली पाले तर नसतातच. बीड जिल्ह्यातील कित्येक खेड्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचे मजूर बैलगाड्या, ट्रक भरून कारखान्यांच्या पट्ट्यात जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात त्या गावी जाऊन रक्तक्षयाची पाहणी करणाऱ्याला म्हातारी माणसे आणि पोरे भेटतील. जिच्या अंगात रक्त उरले आहे की नाही हे पाहायचे, ती बाई शेकडो कोसांवर मोळ्या वाहत असेल. पाहणीचा महिना निवडणे हीसुद्धा नमुन्याची निवडच आहे.

चिठ्ठ्या टाकण्याचा व्याप नको म्हणून यादीतले दर दहावे किंवा दर विसावे नाव घेण्याची रीत आहे. ती सोपी आहे आणि बहुतेक वेळा चांगली चालते. मात्र यादीतच एखादी लय असेल आणि ती आपल्या पावलाशी जुळली, तर घात होतो. एखाद्या तालुक्याच्या गावच्या दवाखान्यातील रोग्यांचा अभ्यास करायचा आणि त्यासाठी दर सातव्या दिवसाची नोंदवही घ्यायची, असे कोणी ठरविले, आणि तो सातवा दिवस नेमका आठवडेबाजाराचा निघाला, तर वर्षभर त्याच्या हाती बाजाराला आलेले आडगावचे लोकच लागतील. गावातले लोक त्या दिवशी गर्दी टाळून घरी बसलेले असतील. आठवा दिवस घेतला असता, तर हा दोष उद्भवला नसता.

हंड्यात थर आहेत हे आधीच ठाऊक असेल, तर प्रत्येक थरातून स्वतंत्र शिते घ्यावीत, हा गृहिणीचा न्याय येथेही लागू पडतो. करोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून शहराच्या तीन प्रभागांत सुमारे सात हजार माणसांचे रक्त तपासले. झोपडपट्टी आणि इतर वस्ती असे दोन थर आरंभीच वेगळे केले होते. झोपडपट्टीत शेकडा ५७ जणांच्या रक्तात या रोगाची प्रतिद्रव्ये सापडली. इतर वस्तीत शेकडा १६ जणांच्या. एकाच प्रभागात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, अशी दोन निराळी शहरे नांदत होती. येथे सगळ्यांची एकच मोट बांधली असती तर काय झाले असते? समजा एखाद्या प्रभागात निम्मी वस्ती झोपडपट्टीत राहते. तर खरी सरासरी शेकडा साडेछत्तीस येईल. पण रक्त देण्यास झोपडपट्टीतले लोक सहज तयार होतात आणि बंगल्यांचे फाटक उघडत नाही, म्हणून शंभरातले सत्तर नमुने झोपडपट्टीतून आले, तर सरासरी शेकडा पंचेचाळिसाच्या घरात जाईल. आणि या दोन्ही आकड्यांनी खरी गोष्ट झाकलीच जाईल. कारण साडेछत्तीस टक्के हा आकडा ना या वस्तीचा, ना त्या वस्तीचा.

देशव्यापी पाहणीत तर यादी करणेच मुळात अशक्य होते. सव्वाशे-दीडशे कोटी नावांची वही कोणाजवळ आहे? तेव्हा पायरीपायरीने उतरावे लागते. आधी जिल्हे, मग त्यांतली गावे, मग घरे आणि शेवटी माणूस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये करोनाची जी पहिली देशव्यापी रक्तपाहणी केली, तीत २१ राज्यांतील ७० जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यात दहा गावे वा प्रभाग आणि प्रत्येक ठिकाणी चाळीस प्रौढ माणसे, असा हिशेब होता. म्हणजे एकूण २८ हजार. गावे निवडताना एक युक्ती वापरली जाते, ती मोठी मनोरम आहे. गावांची नावे एकाखाली एक लिहून त्यांच्यापुढे लोकसंख्येची चढती बेरीज मांडतात. पहिल्या गावाची वस्ती ४००, दुसऱ्याची १,६००, तिसऱ्याची ८,०००. तर बेरजा ४००, २,००० आणि १०,००० अशा होतात. मग यादृच्छिक अंक काढायचा. तो ज्या बेरजेच्या पोटात पडेल ते गाव घ्यायचे. मोठ्या गावाला निवडले जाण्याची संधी त्याच्या वस्तीच्या प्रमाणात मोठी मिळते. पुढे प्रत्येक निवडलेल्या गावातून चाळीसच माणसे घेतल्यामुळे मोठ्या गावातील एकेका माणसाची संधी तेवढ्याच प्रमाणात घटते. शेवटी फिट्टंफाट होते आणि चारशे वस्तीच्या वाडीतला गुराखी व आठ हजार वस्तीच्या गावातला दुकानदार यांना सारखीच संधी उरते. महसूल खात्यातील कारकुनालाही करता येईल इतके हे सोपे आहे.

महसूल खात्याचा उल्लेख येथे अगदीच अस्थानी नाही. या शास्त्राने भारतात पहिली पावले टाकली ती रुग्णालयांत नव्हे, शेतांत. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधील तागाच्या पिकावर आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी अन्नधान्याच्या पीककापणीवर नमुना पद्धतीचे जे काम केले, त्याची जगाने दखल घेतली. सुखात्मे यांचा नमुना पाहण्यांच्या उपपत्तीवरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. पीककापणी प्रयोगात शेताचा कोणता तुकडा कापायचा, हे अधिकाऱ्याने डोळ्यांनी ठरवायचे नसते; अंकांच्या तक्त्यावरून पावले मोजत जायचे आणि जेथे पोचाल तेथे खुंटी ठोकायची. तेथे पीक विरळ असो वा दाट. बांधावर उभे राहून ‘साधारण दिसणारा’ तुकडा निवडणारा माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी त्याची नजर चांगल्या कणसांकडे ओढली जाते.

माणसांच्या बाबतीतही हेच होते. लहान मुलांना लसी टोचल्या गेल्या आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक सुटसुटीत पद्धत रूढ केली होती. तीस गावे किंवा वस्त्या आणि प्रत्येकीतून सात मुले, अशी एकूण २१० मुले. गावे बरोबर निवडली जात. अडचण गावात शिरल्यावर येई. घरांची यादी नसेल तर गावाच्या मध्यावर उभे राहून बाटली फिरवावी, तिचे तोंड ज्या दिशेला थांबेल त्या दिशेने शिवेपर्यंतची घरे मोजावीत, त्यांतले एक चिठ्ठीने घ्यावे आणि तेथून लगतच्या घरांत जात राहावे, अशी सूचना असे. ऐकायला हे निःपक्षपाती वाटते. परंतु मध्यावरून निघणाऱ्या प्रत्येक रेषेवर देवळाजवळची घरे गर्दी करून असतात आणि शिवेजवळची विरळ. म्हणून मध्यावरल्या घरांना झुकते माप मिळते. आणि मराठी खेड्यात देवळाभोवती कोण राहतो व शिवेबाहेर कोणाला राहावे लागले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्या मुलाला लस मिळालेली नाही, ते कोठे सापडण्याचा संभव अधिक, हेही उघड आहे. त्यामुळे आता जाणते लोक बाटली बाजूला ठेवून, आधी वेळ खर्चून घरांची यादी करण्याचा आग्रह धरतात.

नमुना किती मोठा असावा, हा प्रश्न नवशिक्या संशोधकाला सर्वांत आधी सुचतो. खरे तर तो सर्वांत शेवटी विचारण्याजोगा आहे. लोकसंख्येच्या दहा टक्के तरी माणसे घ्यावीत, असा एक भाबडा नियम प्रचलित आहे. त्याला आधार नाही. अंदाजाची अचूकता नमुन्यातील माणसांच्या संख्येवर अवलंबून असते; तो नमुना एका तालुक्यातून घेतला की अख्ख्या राज्यातून, याने फारसा फरक पडत नाही. रोग किती विरळ आहे हे मात्र महत्त्वाचे. हजारी चार या प्रमाणात असणारा क्षय हजार माणसांत शोधायला गेले, तर चार रोगी सापडावेत. पण योगायोगाने एकही सापडणार नाही किंवा आठ सापडतील, इतकी ओढाताण त्यात असते. लाख माणसे तपासली तर सुमारे चारशे सापडतील आणि ती ओढाताण तीनशे साठ ते चारशे चाळीस एवढ्यात आटोपेल. म्हणून क्षयाच्या पाहणीला लाखो माणसे लागतात आणि घरटी आढळणाऱ्या रक्तक्षयाला काही शेकडा पुरतात. एकाच गावातली माणसे एकमेकांसारखी असल्यामुळे पुंजक्यांनी घेतलेला नमुना याहून मोठा ठेवावा लागतो. शंभर गावांतून दहा-दहा माणसे घेणे हे दहा गावांतून शंभर-शंभर घेण्यापेक्षा केव्हाही अधिक फलदायी, खर्च मात्र दामदुप्पट. पण निवडच वाकडी असेल, तर संख्या वाढवून काही साधत नाही. सातशे केंद्रांतील रक्ताच्या हजारो बाटल्यांनी ५२ लाखांचा चुकीचा आकडा मोठ्या आत्मविश्वासाने दिला होता.

औषधाच्या परीक्षेत हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपाने येतो आणि दोहोंची गल्लत वारंवार होते. औषध गुणकारी आहे की नाही हे पाहताना साऱ्या देशाचा नमुना घ्यावा लागत नाही. जमलेल्या रोग्यांची दोन गटांत वाटणी कशी केली, याला महत्त्व असते. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेनुसार स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. क्षयाचे १०७ रोगी. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे बंद पाकिटांत यादृच्छिक अंकांनी आधीच ठरलेले होते. सहा महिन्यांत पहिल्या गटातील चार आणि दुसऱ्यातील चौदा रोगी दगावले. वाटणी डॉक्टरांच्या मर्जीवर सोपविली असती, तर बरे होण्याजोग्या रोग्यांना औषध मिळाले म्हणून ते वाचले, अशी शंका कायमची राहिली असती.

मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने हीच रीत घेऊन याहून धाडसी प्रश्न विचारला. शहरातील गरीब वस्त्यांतले १९३ रोगी चिठ्ठीने दोन गटांत वाटले. एका गटाने आरोग्यधामात राहून औषधे घेतली, दुसऱ्याने आपल्या दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या आहारावर. घरी राहिलेल्यांना जवळजवळ तितकाच गुण आला आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका पोचल्याचेही दिसले नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाल्यावर जगभरातली आरोग्यधामे हळूहळू ओस पडू लागली. अर्थात, हे निष्कर्ष नियमाने औषध घेणाऱ्या आणि ज्यांच्यावर परिचारिकांची देखरेख होती अशा रोग्यांचे होते. औषध मध्येच सोडणाऱ्यांविषयी ते काही सांगत नाहीत. दोन गटांची तुलना निर्दोष असली, तरी ती कोणाला लागू करायची हा प्रश्न पुन्हा नमुन्यापाशीच येतो.

इतके सगळे कागदावर नीट बसले तरी शेवटी कोणीतरी माणूस त्या ठरलेल्या घराचे दार ठोठावतो आणि दाराला कुलूप असते. शेजारच्या ओसरीवर कोणी बसलेले असते, ते बोलके असते, चहाही विचारते. त्याचेच नाव वहीत घालून पुढे जाण्याचा मोह फार मोठा. पण जो दिवसा घरी सापडतो तो म्हातारा, आजारी किंवा बेकार असण्याचा संभव अधिक आणि कुलूप लावून गेलेला मजुरीवर असण्याचा. एकाच्या जागी दुसरा घेतला की पाहणी पुन्हा त्याच जुन्या रुग्णालयाच्या दाराशी जाऊन उभी राहते. म्हणून चांगल्या पाहणीत पर्यायी घर घेण्यास बंदी असते. सायंकाळी परत जावे, सुटीच्या दिवशी जावे, तरीही दार उघडले नाही तर ‘भेट झाली नाही’ असे लिहावे. किती जणांनी नकार दिला, किती जण सापडले नाहीत, हे आकडे अहवालात सांगणे हाही त्या शास्त्राचाच भाग आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात क्षयरोगाची देशव्यापी पाहणी पुन्हा झाली. पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखी ३१६ निघाले. ऐन साथीच्या वर्षांत, तोंडाला फडके बांधलेली ती पथके छायाचित्रांची यंत्रे घेऊन यादीतल्या त्याच त्या वस्त्यांकडे परत परत जात राहिली.